अर्ध्या सुताची फट

आमच्या शेडच्या पत्र्याला एक भोक आहे. बोटभर लांब, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळतं. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून उन्हाची तिरीप आत येते आणि जमिनीवरून सरकत भिंतीला लागते. हे भोक मशीनमधून सुटलेल्या पात्याने पाडलं आहे. तेव्हा मी तिथे उभी होते.

हे कशासाठी लिहिते ते मला सांगता येणार नाही. तोंडाने मी कुणाला काही सांगितलेलं नाही. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिते आहे.

आम्ही मूळचे सुतार नव्हे. माझ्या वडिलांची वळसंगकडे मेंढरं होती. सासरची शेती माळशिरस तालुक्यात, तीन भावांत वाटली गेलेली. नवरा सोलापुरात आला आणि मागावर आडवं सूत नेणारे लाकडी धोटे करणाऱ्या एका कारखान्यात झाडूपोछा करता करता सुतारकाम शिकला. माग बदलले, लाकडी धोट्यांना कुणी विचारेना, तो कारखाना बंद झाला. तिथलं जुनं स्पिंडल मशीन यांनी उचलून आणलं आणि अक्कलकोट रोडच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून दारं-खिडक्या करायला सुरुवात केली.

मी आधी डबा द्यायला जायची. मग भुसा झाडायला लागले. मग लांब फळीचं दुसरं टोक धरायला लागले. पुढे यांना दमा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, लाकडाचा भुसा छातीत गेला आहे, आता शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून हे बाहेर लिंबाच्या झाडाखाली तोंडाला पंचा लावून बसायचे आणि मी आत मशीनवर. हे आवाजावरून ओळखायचे. "दाबू नगंस, मशीन रडतंय," असं बाहेरून ओरडायचे. खरंच मी दाबत असायची.

मशीन म्हणजे एक लोखंडी टेबल. त्याच्या मधून एक उभा दांडा वर आलेला. त्या दांड्यावर कटर चढवायचा, मोटर चालू करायची, आणि लाकूड त्या फिरत्या कटरवरून सरकवायचं. कटरचा जसा आकार तशी लाकडाला खाच पडते, खाचेत घुसणारं टोक म्हणजे कुसू होतं, नक्षी निघते. दाराच्या उभ्या आणि आडव्या पट्ट्या एकमेकींत बसतात त्या सगळ्या यानेच.

मला मशीन आवडायचं. त्याचं कारण कुणाला खरं वाटणार नाही. मशीन चालू असलं की कुणी माझ्याशी बोलत नाही आणि मला बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक आलं तर बाहेर हे असायचे. लग्नाकार्यात, पाण्याच्या नळावर, दवाखान्यात, कुठेही गेले तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्या आवाजात मला कुणी मुकी म्हणत नव्हतं.

कटर दोन जातीचे असतात. एक म्हणजे लोखंडी ठोकळा. त्याला दोन बाजूंनी खोबणी असतात आणि त्यात पाती बसवून स्क्रूने आवळायची. ही पाती आपण सहाणेच्या मशीनवर घासून हवा तो आकार देऊ शकतो. दारावर कसलीही जुनी नक्षी असो, हे पातं घासून तशीच्या तशी काढायचे. दुसरी जात म्हणजे तयार कटर. अखंड लोखंड, त्याला कठीण दात जडवलेले. त्याचा जो आकार असेल तोच. कमी नाही, जास्त नाही. पण त्यातून काही उडत नाही.

ठोकळ्याचं एक पातं उडालं त्या दिवशी मी फळीचं टोक धरून उभी होते. स्क्रू सैल राहिला होता की पात्याला चीर होती, ते कळलं नाही. कानाजवळून वारा गेला एवढंच समजलं आणि पत्रा वाजला. पदराची कड कापली गेली होती. यांनी मोटर बंद केली आणि खाली बसले. दिवसभर पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

मशीन माझ्या हातात आलं तेव्हा मी एकच गोष्ट बोलले. "ठोकळा मी लावनार न्हाय."

हे म्हणाले, "मग जुन्या नक्षीचं काम कसं हुनार?"

"न्हाय झालं तर न्हाय."

ठोकळा आणि पाती पोत्यात बांधून मी माळ्यावर टाकली. तेव्हापासून सगळं काम तयार कटरवर. कुठला कटर घ्यायचा ते बघायला मी हळूहळू शिकले. त्याचं भोक आपल्या दांड्याला बसतं का ते बघायचं. कुसू काढायचा मोठा कटर असेल तर पट्टा दुसऱ्या चाकावर टाकून मशीनची गती कमी करायची, नाहीतर ते थरथरतं. दात कुठल्या बाजूला तोंड करून आहेत ते बघायचं. सागवानाला कठीण दातच हवेत, साधे दात दोन दारांत बोथट होतात. हे सगळं मला येत होतं. शेडमध्ये येत होतं.

मग काम आटत गेलं. लोक तयार फायबरची दारं घेऊ लागले. सकाळी सांगितलं की संध्याकाळी दार बसवून मोकळे. आमचं मशीन आठवड्यात एखादा दिवस चालायचं. भंगारवाला येऊन मशीनच्या टेबलावर थाप मारून जायचा, जसं बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात. हे म्हणायचे, "ह्या वर्साला काम न्हाय आलं तर दिऊन टाकू. बसून गंज खातंय." माझी जाऊ घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते, मीही तेच करायचं असं ठरल्यासारखं झालं होतं. मला ते नको होतं. तिथे दारात बायका बसतात आणि दिवसभर बोलतात.

अशात एक ठेकेदार आला. मुलांचं एक जुनं वसतिगृह होतं, अठरा खोल्या, अठरा सागवानी दारं. फरशी धुऊन धुऊन प्रत्येक दाराची खालची आडवी पट्टी कुजली होती. वरचं सगळं लाकूड धडधाकट. फक्त खालची पट्टी नवी करून जुन्या उभ्या पट्ट्यांत बसवायची.

ठेकेदार म्हणाला, "मिस्त्री, आधी एक दार करून दाखवा. सांधा मिटला तर अठराही तुमची. नाहीतर मी फायबर लावून टाकतो. मला दोन्ही सारखंच आहे."

आम्हाला सारखं नव्हतं. अठरा दारांचं काम म्हणजे मशीन वर्षभर तरी शेडमध्ये राहणार आणि मी त्याच्यापाशी. नाहीतर भंगारवाला.

अडचण नक्षीची होती. जुन्या उभ्या पट्टीच्या आतल्या कडेला पन्हाळीसारखी खोलगट नक्षी होती. नव्या आडव्या पट्टीचं टोक त्या पन्हाळीत बरोबर भरेल असं फुगीर कापायला हवं. म्हणजे त्या मापाचा कटर हवा. हे म्हणाले, "ठोकळा काड. मी पातं घासून देतो, बाहेर बसून. तू फकस्त लाव."

मी पत्र्यातल्या भोकाकडे बघितलं. म्हणाले, "कटर मिळंल बाजारात. मी माप आनते."

 यांना ठिणग्यांच्या वासानेही खोकला येतो, हे ठोकळा न काढायला मी मनाशी कारण केलं.

माप आणायचं कसं? कुजलेली पट्टी फुगून तिचा आकार गेला होता. उभी पट्टी कापून आणता येत नव्हती. दार बिजागरीवरून काढायला ठेकेदार अजून तयार नव्हता. मी विचार केला की ठसा घ्यावा. गव्हाची कणिक दाबली तर थोड्या वेळाने परत अंग काढते, ठसा बुजतो. ज्वारीचं पीठ तसं करत नाही. उकळत्या पाण्यात मळलं तर जसं दाबाल तसं राहतं. एवढं मला आयुष्यभर भाकऱ्या थापून ठाऊक होतं.

पीठ ओल्या फडक्यात बांधून मी सकाळी वसतिगृहात गेले. मुलं कॉलेजात गेली असतील अशी वेळ धरून. वॉचमनला काय सांगायचं ते वाटेभर घोकत गेले होते. त्याने विचारलं, "काय ताई, डबा आणलाय का?" मी मान हलवली. हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. त्याने आत सोडलं. कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी बसून मी नक्षीत पीठ दाबलं. दाबलं तेव्हा खोलीतून कुणी तरी खोकलं. एक मुलगा आत झोपलेला होता. मी श्वास धरून बसले, मग पीठ अलगद काढलं आणि निघाले. ठसा सुरेख आला होता. पन्हाळीचा फुगवटा, शेजारची बारीक पायरी, सगळं.

घरी आल्यावर हे हसले. "भाकरी थापून आनलीस व्हय? चटनी कुटं हाय?"

"हासा. दुकानात दावायला हाय."

"हातात धरलंस तर मोडंल की."

तेच मला वाटत होतं. म्हणून मी तो ठसा शेडच्या पत्र्यावर उन्हात ठेवला. कडक भाकरी वाळवतो तसा. दोन दिवस ऊन दिलं. मार्च महिन्यातलं सोलापूरचं ऊन. तिसऱ्या दिवशी दुकानात जायचं होतं तर यांचा दमा उसळला, तो दिवस दवाखान्यात गेला. चौथ्या दिवशी ठसा हातात घेतला तर लाकडासारखा टणक झाला होता. एक चीरही नव्हती. मला अभिमान वाटला.

हत्यारांच्या दुकानात मी एकटी पहिल्यांदाच गेले. आत चार पुरुष उभे. दुकानदाराने विचारलं, "क्या होना भाभी?" मी बोलायला गेले आणि आवाजच निघाला नाही. फडकं उघडून ठसा पुढे ठेवला.

तो वाकून बघत म्हणाला, "अरे बा! कडक रोटी! कटर होना की सालन होना?"

भाकरीसोबत कालवण हवं का, म्हणून चौघेही हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण दुकानदार माणूस चांगला होता. त्याने ठसा उचलला, अंगठ्याने चाचपला, कशाचा आहे ते त्याला आपोआप कळलं. आतून तीन कटर आणून त्याने काचेवर ठेवले.

पहिल्यात ठसा बसेना. दुसऱ्यात बसला, पण खुळखुळत होता, कडेने उजेड दिसत होता. तिसऱ्यात असा बसला की जणू त्याच्यासाठीच घडवला होता. मी तो दाराकडे उजेडात धरला. उजेडाची रेघसुद्धा नाही.

दुकानदार दुसऱ्या कटरवर बोट ठेवून म्हणाला, "भाभी, पुराने दरवाजे का काम है ना? पुराने माल में ये चलता था. ये लेके देखो."

मी मान हलवली, नाही म्हणून.

"देख लो. घिसने के बाद वापस नहीं लेते हम."

मला म्हणायचं होतं, ठसा खोटं कसा बोलेल. एवढं मोठं वाक्य माझ्याच्याने झालं नसतं. मी तिसरा उचलला. त्याचं भोक आमच्या दांड्याहून मोठं होतं, त्यासाठी दुकानदाराने आत बसवायचं लोखंडी कडं दिलं.

पट्टी मी दुसऱ्या दिवशी कापली. कुसू आधी काढून घेतलं, मग टोकाला नक्षी. मशीन जराही रडलं नाही. बाहेरून हे म्हणाले, "आज आवाज गोड हाय." कापलेलं टोक मी वाळलेल्या ठशाशेजारी धरलं. दोन जुळे भाऊ. यांनी पट्टी मांडीवर घेऊन बोट फिरवलं आणि म्हणाले, "एकदा तितं जाऊन लावून बघ की. दारासंगं."

मी म्हणाले, "परीक्षेची सुट्टी हाय पोरांना. सगळी तितंच असत्यात."

"असू देत की. तुला खात्यात व्हय?"

मी गेले नाही. ठसा आहे ना, म्हटलं. ठशाला बसलं म्हणजे दाराला बसलं.

ठरल्या दिवशी टेम्पोतून आम्ही दोघे गेलो. ठेकेदाराने दार काढून व्हरांड्यात दोन बाकांवर आडवं ठेवलं होतं. यांनी जुनी पट्टी काढली, कुसू बसायची खाच साफ केली, नव्या पट्टीची कुसवं आत घातली आणि लाकडी हातोडीने ठोकली. पाचसहा मुलं पुस्तकं हातात घेऊन बघत उभी होती. कुसू घट्ट गेलं. खांदा खांद्याला भिडला. आणि नक्षीपाशी फट राहिली.

मोठी नव्हती. सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात, त्या एका भागाला सूत म्हणतात. फट अर्ध्या सुताची होती. पन्हाळी मोठी आणि आमचा फुगवटा लहान. लाकूड जास्त असतं तर पटाशीने तासलं असतं. कमी पडलेलं लाकूड कुठून आणणार?

ठेकेदाराने खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि तिचं टोक फटीत घातलं. ते गेलं. त्याने ते इकडून तिकडे फिरवलं.

"मिस्त्री, हे काय?"

"सायेब, दोन दिस द्या. पातं घासून दुसरी पट्टी करून आनतो."

"दोन दिवस म्हणत म्हणत जून येईल."

"न्हायतर पुट्टी भरून..."

"पुट्टीच भरायची तर फायबर काय वाईट? धुतलं तरी कुजत नाही." आवाज रागाचा नव्हता. त्याने किल्ली शर्टाला पुसली. "वहिनींनी मेहनत केलीय, ते दिसतंय. पण मी सांगितलं होतं ना."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघत होते. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "चल रे, झालं."

येताना टेम्पोत पट्टी आमच्या पायाशी होती. पूल ओलांडेपर्यंत हे खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, "अगं, भाकरी वाळली की ल्हान हुती की. तुला ठावं न्हवतं व्हय?"

ठाऊक होतं. तव्यावरून उतरलेली भाकरी डब्याच्या तोंडाला अडते आणि वाळली की त्याच डब्यात सहज जाते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.  पुन्हा त्यांनी ते कधी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून पोतं खाली काढलं. ठोकळा बाहेर घेतला. वाटलं होतं, यांच्याकडून पातं घासून घेईन, लावीन, एक पट्टी कापून ठेकेदारापुढे ठेवीन. स्क्रू गंजून बसले होते. तेल सोडलं, वाट बघितली, पान्याला जोर लावला. एका स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत झालं, पान्याला धरायला काही राहिलंच नाही. मी संध्याकाळपर्यंत बसले होते. बाहेरून हे म्हणाले, "ठिव आता." मी ठेवला.

आठवड्याभरात वसतिगृहाची दारं उतरली. रस्त्याने जाताना दिसली, आवारात एकावर एक रचलेली. एका दाराला खालची पट्टीच नव्हती, तेवढं वेगळं ओळखू येत होतं.

भंगारवाला त्याच्या दोन माणसांना घेऊन आला. मशीनचे पाय जमिनीत बोल्टने आवळलेले होते, ते सोडवायला त्यांना दुपार लागली. दांडा वेगळा काढून त्यांनी फडक्यात गुंडाळला. एक माणूस म्हणाला, "मावशी, कटर-बिटर असतील तर द्या." मी सगळे दिले. तो तिसरासुद्धा. एकच पट्टी कापलेला, दात अजून चकचकीत.

आता मी टॉवेलच्या कडा शिवते. दारात बायका बसतात. त्या विचारतात, मी हूं म्हणते. हे लिंबाखालीच बसतात, सवयीने. शेड भाड्याने द्यायची म्हणतात, अजून कुणी आलं नाही.

थंडीत मी कडक भाकऱ्या केल्या. करताना काय मनात आलं कोण जाणे. यांची मापाची लोखंडी पट्टी घेतली, भाकरीचा एक तुकडा कापला आणि तो ओला होता तेव्हा मोजला. सहा सूत. मग शेडच्या पत्र्यावर ठेवला. पहिल्या दिवशी संध्याकाळी मोजला, दुसऱ्या दिवशी मोजला, चौथ्या दिवशी मोजला. साडेपाच. त्यानंतर कितीही ठेवला तरी साडेपाचच. अर्धं सूत कमी, म्हणजे दुकानदाराने बोट ठेवलेला तो दुसरा कटरच बरोबर होता.

झाडाखालून हे म्हणाले, "काय मोजतीस गं?"

"काय न्हाय."

शेडमध्ये जाऊन मी ते भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं. ओलं सहा, वाळलं साडेपाच. तिरीप तोवर भिंतीला आली होती. जमिनीत बोल्टची चार भोकं आहेत, त्यात भुसा साचून राहिला आहे. तो अजून मी झाडलेला नाही.